आकडेबाई आणि उजेडात धरलेले लिफाफे

आकडेबाईंबद्दल कारकुनाला खरं म्हणजे फारच थोडं माहीत होतं. नऊ वर्षं दोघं एका खोलीत बसली. मध्ये एक लोखंडी कपाट. कपाटाच्या अलीकडे कारकुनाचं टेबल, रजिस्टरं आणि गोंदाची बाटली. पलीकडे बाईंचं टेबल, संगणक आणि टोक काढून ठेवलेल्या दोन पेन्सिली. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त आवाज यायचा. त्यामुळे बाई गेल्याचं कारकुनाला कळलं, तेव्हा त्याला आधी आठवला तो खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.

कळलंही कसं, तर पेन्शनीत निघालेला कारकून आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला हॉस्पिटलात गेला होता. सही झाल्यावर जुन्या खोलीत डोकावला. बाईंच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसली होती. तिनं बातमी सांगितली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारी होतात ना मामा? कशा होत्या हो त्या?"

कारकुनानं माहीत होतं तेवढं मनातल्या मनात मोजलं. काय सांगणार? चहा बिनसाखरेचा. भर उन्हाळ्यातही खुर्चीच्या पाठीला करडा स्वेटर. दर शुक्रवारी पावणेएकला थोरल्या बहिणीचा फोन, त्यात बाईंचा वाटा एवढाच: "हो ताई. नाही ताई. कोण म्हणतं? किती जणं म्हणतात?" लग्न केलं नव्हतं. एकदा सिस्टरांनी कारण विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या, "एक स्थळ पाहिलं होतं. एकावरून काय निष्कर्ष काढणार, म्हणून काढला नाही." हे विनोदानं म्हणाल्या की खरंच, ते सिस्टरांना कळलं नाही, आणि कपाटाच्या अलीकडे बसलेल्या कारकुनाला तर मुळीच नाही.

पण एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती. ती त्यानं त्या मुलीला सांगितली नाही, कारण त्यात त्याचीच शोभा होती.

बाईंचं काम औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं. एखादं नवं औषध चालतं की नाही हे पाहायचं, तर निम्म्या रोग्यांना ते द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण आत काही नसलेलं द्यायचं, आणि कुणाला काय मिळणार हे कुणाच्याही मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोपवायचं. मग दोन्ही गटांची तुलना करायची. बाईंच्या जन्माचा सगळा अर्थच त्या तुलनेत असावा. कँटीनवाला म्हणाला, "बाई, आज चहा फक्कड झालाय," की त्या विचारायच्या, "कशाच्या तुलनेत?" तो बिचारा दर वेळी सावरून म्हणायचा, "कालच्या." मग बाई एक घोट घेऊन मान हलवायच्या. ती होकाराची होती की नकाराची, यावर कँटीनमध्ये दोन तट होते.

रोग्यांचं आणि बाईंचं तर एका शब्दावरून कायमचं वाकडं होतं. तो शब्द म्हणजे फरक.

"फरक आहे बाई," रोगी सांगायचा.

"कोणात आणि कोणात?"

"माझ्यात."

"तुमच्यात आणि कोणात?"

रोगी इकडेतिकडे पाहायचा. "मी एकटाच आलोय."

बाईंच्या लेखी फरक हा दोघांमध्ये असायचा, रोग्याच्या लेखी तो एकट्याला पडायचा. यातून वाट काढायला कारकून होता. तो रोग्याला हळूच बाजूला घ्यायचा, म्हणायचा, "काका, बरं वाटतंय एवढंच म्हणा." सगळे त्याला मामा म्हणत ते काही उगाच नाही.

तर बाईंना येऊन तिसरं वर्ष होतं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांचं गुडघ्याचं मलम निघालं. मोठे डॉक्टर म्हणजे हाडांच्या विभागाचे प्रमुख. उंचीनं बेताचे, पण चालताना पुढून वारा येत असल्यासारखे चालायचे. मलम त्यांनी स्वतः शोधलं होतं, स्वतःच्या आईच्या गुडघ्यावर लावलं होतं, आणि आईनं फरक असल्याचं सांगितलं होतं. आई दुसरं काय सांगणार, असं बाई म्हणाल्या. तेही मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर. चाचणी ठरली ती बहुधा त्या दिवशीच.

दोनशे चाळीस गुडघेदुखीवाले. दोन टेबलं. सोम, बुध, शुक्र सिस्टरांचं टेबल. मंगळ, गुरू, शनी कारकुनाचं. प्रत्येक टेबलावर एकशेवीस बंद लिफाफे, वर क्रमांक घातलेले. आत चिठ्ठी: अ किंवा ब. रोगी आला की वरचा लिफाफा फोडायचा, निघेल त्या अक्षराची डबी द्यायची. दोन्ही डब्या सारख्या, दोन्ही मलमांना कापराचा सारखाच वास. खरं औषध अ मध्ये की ब मध्ये, हे फक्त औषधं बनवणाऱ्याला ठाऊक. त्यानं ते एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाखेनं बंद करून अधीक्षकांच्या कपाटात ठेवलेलं. बाईंनाही ते माहीत नव्हतं, आणि त्याचा त्यांना फार आनंद होता.

दुखणं मोजायला एक रेघ होती. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला "मुळीच दुखत नाही", उजव्या टोकाला "याहून जास्त दुखूच शकत नाही". रोग्यानं मधे पेन्सिलीनं खूण करायची. कारकून पट्टी लावून मिलिमीटर मोजायचा. आज एकदा, सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. काम सोपं होतं. पण माणसं सोपी नव्हती. बसच्या एका निवृत्त ड्रायव्हरनं दोन खुणा केल्या आणि सांगितलं, "ही सकाळची, ही संध्याकाळची." एकीनं रेघेच्या खाली गोल काढला, कारण दुखणं गुडघ्याच्या वाटीच्या खाली होतं. आणि कपडे शिवणाऱ्या एका आजींनी कारकुनाकडून पट्टी मागून घेतली आणि रेघच उजवीकडे चार बोटं लांबवली.

"आजी, रेघेच्या बाहेर जायचं नाही," कारकून म्हणाला.

"मग रेघ मोठी आणायची होती. माझं दुखणं यात मावत नाही."

सगळं बिघडलं ते या आजींपासून. त्या जिना चढून आल्या होत्या, पण पायांनी नाही. पायऱ्यांवर उलट्या बसून, एकेक पायरी मागे सरकत. वर पोहोचल्यावर त्यांनी लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "मामा, दोन डब्या आहेत म्हणे. त्यातली चांगली द्या."

"चांगली कोणती ते मलाच माहीत नाही."

"इथे बसता आणि माहीत नाही?"

हे कारकुनाला लागलं. कारण अगदीच माहीत नव्हतं असं नाही. त्याचाही डावा गुडघा दुखायचा. पहिल्याच आठवड्यात एका रोग्यानं अ ची डबी परत आणून दिली होती, वास सोसत नाही म्हणून. ती नियमाप्रमाणे कपाटात ठेवताना कारकुनानं बोटभर मलम घरी नेलं. चार दिवस चोळलं. गुडघ्याला फरक. म्हणजे अ हेच औषध. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आणि दुसरं असं झालं की भांडारात खाकी लिफाफे अर्धेच होते. ते सिस्टरांना गेले. कारकुनाच्या वाट्याला पांढरे आले, पातळ. वर ट्यूबलाइट होती. लिफाफा जरा वर धरला की चिठ्ठीतलं अक्षर आतून दिसायचं, सकाळच्या धुक्यात माणूस दिसावा तसं.

आजींच्या वाट्याचा लिफाफा सतरावा होता. कारकुनानं तो वर धरला. ब. त्यानं तो खाली ठेवला, अठरावा धरला. अ. अठरावा फोडला. सतरावा पुढच्या माणसासाठी ठेवला, आणि पुढचा माणूस टणाटण चालत आला होता, त्यामुळे कारकुनाला वाईटही वाटलं नाही.

पुढे पुढे त्याला ते काम फार आवडायला लागलं. आयुष्यभर त्यानं फक्त नोंदी केल्या होत्या. कुणाचं भलं करायची संधी पहिल्यांदाच हाती आली होती. लंगडत आलेल्याला अ. नुसता कुरकुरणाऱ्याला ब. एकदा दोन जावा आल्या. थोरली कण्हत होती, धाकटी थोरलीची नक्कल करत होती. थोरलीला अ मिळालं, धाकटीला ब, आणि कारकुनाला वाटलं, घरोघरी असा न्याय झाला तर किती बरं होईल.

एक मात्र खरं. रजिस्टरात खोटं लिहायचं त्याच्या मनातही आलं नाही. सतरा नंबर ज्या तारखेला फोडला, त्याच तारखेला लिहिला. अठरा त्याच्या आधी, तर आधी. फसवणूक होती, पण नोंद चोख होती.

सहा-सात महिन्यांत चाचणी संपली. बाईंनी आकडे भरले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. त्या दिवशी शुक्रवारचा फोनही दोन मिनिटांत आटोपला. दुपारी मोठे डॉक्टर आले.

"काय म्हणतायत आकडे?"

"अजून पाकीट फोडलेलं नाही. नुसतं अ आणि ब सांगू शकते," बाई म्हणाल्या. "मामांच्या टेबलावर अ वाल्यांचं दुखणं एकतीस मिलिमीटरनं उतरलं, ब वाल्यांचं बारानं."

"वा."

"सिस्टरांच्या टेबलावर अ वाल्यांचं सतरानं, ब वाल्यांचं वीसनं."

"सिस्टरांनी रेघा नीट काढून घेतल्या नसतील," मोठे डॉक्टर म्हणाले. "अ हेच माझं मलम. मी आईला सांगूनसुद्धा टाकलंय." आणि वारा कापत निघून गेले. ही बातमी सिस्टरांपर्यंत पोहोचायला तीन मिनिटं लागली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाकडेच न पाहता म्हणाल्या, "माझ्या टेबलावर काय लाकडाचे गुडघे यायचे का?"

कारकून आतून फुलला होता. त्याच्या हातून कितीजणांचं भलं झालं, याचा आकडाच निघाला होता. तेवढ्यात पलीकडे खुर्ची मागे सरकली. बाई कपाटाला वळसा घालून आल्या. तीन वर्षांत हे फार तर दोनदा झालं असेल. हातात त्याचं रजिस्टर होतं.

"मामा, तुमच्या शेवटच्या अकरा रोग्यांना ओळीनं ब आलंय."

"नशीब एकेकाचं."

"नाणं अकरा वेळा उडवलं आणि अकराही वेळा काटा पडला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"नाणं उडवणाऱ्याचा हात बघेन," कारकून म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हणालो.

बाई रोग्याच्या स्टुलावर बसल्या. "सतरा नंबर अठराच्या नंतर आहे. तेवीस तर सव्वीसच्या नंतर. आणि तुमच्याकडे ज्यांना अ मिळालं, त्यांचं पहिल्याच दिवशीचं दुखणं सरासरी बहात्तर. ब मिळालेल्यांचं पंचावन्न. चिठ्ठीला गुडघे दिसत नाहीत मामा. तुम्हाला दिसतात."

कारकुनानं गोंदाच्या बाटलीचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"लंगडत यायचे हो बिचारे," तो शेवटी म्हणाला.

"आणि अ चांगलं, हे कुणी सांगितलं?"

त्यानं गुडघ्याची हकीकत सांगितली. बाईंनी सगळी ऐकून घेतली. मग विचारलं, "ब लावून पाहिलंत?"

"नाही."

"का?"

"अ नं बरं वाटलं ना. मग ब कशाला लावायचं?"

बाईंनी चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला. त्या हसल्या, की डोळ्यांत काही गेलं होतं, ते कारकुनाला आजवर ठरवता आलेलं नाही.

"पण बाई, फरक तर पडलाच ना? एकतीस मिलिमीटर."

"माणूस डॉक्टरकडे कधी येतो? सगळ्यात जास्त दुखतं त्या दिवशी. सहा आठवड्यांनी ते थोडं उतरणारच, गुडघ्याला तुम्ही तूप लावा नाहीतर शिसपेन्सिल. तुम्ही नेमके सगळ्यात जास्त दुखणारे वेचून एका बाजूला घातलेत. त्या बाजूला काहीही दिलं असतं तरी ती बाजू जिंकली असती."

कारकुनाला हे अर्धंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. "आता माझं काय?" त्यानं विचारलं.

"मला अहवालात लिहावंच लागेल की एका टेबलावर लिफाफे क्रमानं फोडलेले नाहीत. का, ते मी लिहू शकत नाही. मी लिहिलं तर तो माझा अंदाज. तुम्ही लिहिलं तर ती माहिती. कारण कळलं नाही, तर लोक म्हणतील, एका टेबलावर गडबड झाली तर दुसऱ्यावरही झाली असेल. मग सिस्टरांचे एकशेवीसही गेले."

"आणि मी लिहिलं तर मी गेलो."

"असू शकेल," बाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "उद्या सकाळी अकराला पाकीट उघडायचंय. त्याआधी लिहायचं असेल तर आज चारपर्यंत. उघडल्यावर लिहिलंत, तर ती कबुली राहणार नाही, ती सोय होईल."

दीड वाजला होता. निवृत्तीला सहा वर्षं होती, घरी मुलीचं लग्न ठरत होतं, आणि नोकरीत आजवर एकही ठपका नव्हता. कारकुनानं घरी फोन लावला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"लिफाफा उजेडात धरून बघायची तुमची सवय जुनीच आहे," ती म्हणाली. "लग्न ठरल्यावर मी मैत्रिणीला लिहिलेलं पत्र टाकायला दिलं होतं, तेही असंच बघितलं होतंत."

"तेव्हा कुठे काय झालं?"

"झालं काय, त्यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला अर्धंच दिसलं. चांगलं लिहिलेलं घडीच्या आत होतं. दहा दिवस तोंड पाडून बसला होतात." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्या सिस्टर म्हणजे तुमच्या आजारपणात डबा आणून द्यायच्या त्याच ना?"

"त्याच."

"मग मला काय विचारता?" आणि तिनं फोन ठेवला.

कारकून लिहायला बसला. पण तीस-एक वर्षांत त्यानं एकच प्रकार लिहिला होता, तो म्हणजे अर्ज. कबुली कशी लिहितात हे त्याला कोण शिकवणार? पावणेचारला त्यानं कागद कपाटावरून पलीकडे सरकवला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला.

"विषय: लिफाफे उजेडात धरण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी गुडघ्याच्या चाचणीत लंगडणाऱ्या रोग्यांना अ मिळावे या हेतूने लिफाफे ट्यूबलाइटसमोर धरून त्यांचा क्रम बदलला आहे. सदर प्रकार फक्त माझ्या टेबलावर झाला असून सिस्टरांचे लिफाफे खाकी असल्याने त्यातून काही दिसत नाही, हे मी स्वतः धरून पाहिले आहे. तरी माझ्या चुकीस मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."

बाई थांबल्या. "मंजुरी?"

"शेवटी ते घालावं लागतं. त्याशिवाय अर्ज पुरा होत नाही."

"बरं. आणि सिस्टरांचे लिफाफे तुम्ही कधी धरून पाहिलेत?"

"आत्ता. उरलेल्या कोऱ्या खाकी लिफाफ्यात चिठ्ठी घालून. म्हटलं, आपण म्हणायचं आणि तपासायचं नाही, हे बरं नव्हे."

कपाटापलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "खाली सहीच्या वर काही लिहिलेलं नाही."

"'आपला विश्वासू' लिहितात. आज हात धजेना."

"लिहा," बाई म्हणाल्या. "आज चालेल."

कारकुनानं लिहिलं, सही केली, आणि चारला पाच कमी असताना अधीक्षकांच्या हाती अर्ज दिला. अधीक्षकांनी तो दोनदा वाचला, आवक क्रमांक घातला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठे डॉक्टर उभ्याउभ्याच वाचून म्हणाले, "हा काय पोरकटपणा आहे? कारकुनाचं डोकं फिरलंय. टेबलाचे आकडे उत्तम आहेत. फाडून टाका."

"आवक क्रमांक पडलाय," अधीक्षक म्हणाले. त्यांच्या जगात आवक क्रमांक पडलेल्या कागदाला काळही हात लावू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला सगळे अधीक्षकांच्या खोलीत जमले. कारकून दाराशी उभा राहिला, कारण बसायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर खिडकीशी होत्या. अर्जाची बातमी त्यांना कळली होती, आणि त्या कारकुनाकडे पाहत नव्हत्या, पण न पाहण्याची तऱ्हा कालच्यापेक्षा सौम्य होती. लाख फुटली. अधीक्षकांनी कागद उलगडला.

"अ: साधे मलम. ब: औषधी मलम."

अधीक्षकांनी कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

कारकुनाच्या मनात आधी आलं की वाचताना चूक झाली. मग त्याला दिसले त्याचे सगळे लंगडणारे, एकामागून एक, जिना चढून आलेले. त्यांच्यातल्या एकेकाला त्यानं जिवापाड निवडून कापराचा वास असलेलं नुसतं साधं मलम दिलं होतं. औषध दिलं होतं टणाटण चालणाऱ्यांना. आणि त्याच्या स्वतःच्या डाव्या गुडघ्याला फरक पडला होता तो कशानं, हे आता कुणाला विचारणार?

मोठ्या डॉक्टरांचा हिशेब वेगळ्या वाटेनं चालला होता. कारकुनाचं टेबल धरलं, तर साध्या मलमानं त्यांच्या मलमाला चारीमुंड्या चीत केलं होतं. जगाला हे सांगावं लागणार होतं. आईलाही. त्यांनी घसा साफ केला.

"ते कारकुनाचं पत्र कुठे आहे?"

"अर्ज," अधीक्षक म्हणाले.

"हो, तोच. फार महत्त्वाचा कागद आहे. तो आधीच दिला हे बरं झालं. त्याचं टेबल बाजूलाच काढायला हवं."

"काल आपण फाडा म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"काल मला पूर्ण माहिती नव्हती."

"म्हणूनच तो काल घेतला," बाई म्हणाल्या, आणि अहवालाचा कागद पुढे केला. त्यात दोन्ही प्रकारे मांडलं होतं: सगळे मिळून, आणि सिस्टरांचे एकशेवीस वेगळे, शिवाय लिफाफ्यांची हकीकत, काही न लपवता. सिस्टरांच्या टेबलावर औषधी मलम साध्यापेक्षा तीन मिलिमीटरनं सरस होतं. पण खरा फरक उलट बाजूला तीनपासून सुलट बाजूला नऊपर्यंत कुठेही असू शकतो, असं बाईंनी लिहिलं होतं. आणि दहाच्या खालचा फरक रोग्याच्या उपयोगाचा नाही, हे चाचणीच्या आधीच ठरलेलं होतं, मोठ्या डॉक्टरांच्या सहीनं.

"म्हणजे मलम चालत नाही?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"आईंना चालतं," बाई म्हणाल्या. "इतरांना सांगण्याइतकं चालत नाही."

सिस्टर खिडकीबाहेर तोंड करून खोकल्या. त्या खोकल्याला खोकला म्हणणं हा निव्वळ सभ्यपणा होता.

कारकुनाला ठपका मिळाला. सेवापुस्तकात लाल शाईनं एक ओळ. पुढच्या चाचण्यांत लिफाफे गेले. चिठ्ठी दुसऱ्या इमारतीतून फोनवर कळायला लागली, म्हणजे कुणाला काही उजेडात धरता येऊ नये. नोकरी राहिली. अधीक्षकांनी अर्जाच्या समासात "चूक मंजूर नाही, अर्ज मंजूर" असा शेरा मारला होता. त्याचा अर्थ लावण्यात आस्थापना विभागाचे दोन आठवडे गेले, आणि तोवर राग शिळा झाला.

रोग्यांनाही सगळं सांगायचं ठरलं. इतरांना पत्रं गेली. शिवणाऱ्या आजी स्वतःच आल्या, नवी डबी मागायला. या खेपेस जिना पायांनी चढून आल्या होत्या, कठड्याला धरून. कारकुनाला बोलवेना, म्हणून बाईच कपाटाला वळसा घालून बाहेर आल्या आणि त्यांना सांगितलं की तुम्हाला मिळालं ते साधं मलम होतं, त्यात औषध नव्हतं, आणि ते तुम्हाला मिळालं ते चिठ्ठीनं नव्हे, या मामांच्या दयेनं.

आजींनी कारकुनाकडे पाहिलं. "चांगली डबी द्या म्हटलं होतं मी."

"चुकलो आजी."

"कुठे चुकलात? फरक आहे ना."

"आजी, ते नुसतं साधं आहे," कारकून काकुळतीनं म्हणाला.

"साधं तर साधं. गुडघ्याला कुठे कळतंय?"

बाईंनी तोंड उघडलं. कोणात आणि कोणात, हे आता येणार, असं कारकुनाला वाटलं. पण बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक डबी काढली, झाकणावर मोठ्या अक्षरात "साधे मलम" असं लिहिलं आणि आजींच्या हातात दिली. आजींनी ते वाचलं आणि डबी पिशवीत टाकली.

पुढची सहा वर्षं तशीच गेली, कपाटाच्या अलीकडे आणि पलीकडे. कारकून रेघा मोजायचा, बाई आकडे तपासायच्या. एवढंच बदललं की कारकून काही सांगायला लागला की आपणच आधी म्हणायचा, "कशाच्या तुलनेत विचाराल, तर परवाच्या." पलीकडून पेन्सिल टेबलावर दोनदा वाजायची. ती शाबासकी असावी, असं त्यानं धरून चाललं होतं. तपासून पाहिलं नाही.

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी छोटा समारंभ झाला. मोठ्या डॉक्टरांनी भाषणात त्याला "आमच्या चाचणीचा तारणहार" म्हटलं, आणि लाल शाईची ओळ कुणी काढली नाही. सगळं उरकल्यावर तो पिशवी घ्यायला खोलीत आला. बाई संगणकासमोर होत्या. समारंभाला आल्या नव्हत्या. टाळ्या कशासाठी आहेत हे नीट कळत नाही, असं त्या सिस्टरांना म्हणाल्या होत्या म्हणे. कारकुनानं पिशवी उचलली आणि दाराशी जरा रेंगाळला. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण अर्जाशिवाय त्याला काही सुचायचं नाही.

"येतो बाई."

"या." मग, तोंड न वळवता, "गुडघा कसा आहे?"

"थोडा फरक आहे."

पेन्सिल थांबली. कारकून वाट पाहत उभा राहिला.

"जिना सावकाश उतरा," बाई म्हणाल्या.

"हो," कारकून म्हणाला.